ओल्ड फेथफुल पाहिलेला माणूस

गीझर म्हटलं की तुम्हाला बाथरूम आठवतं, मला बाबा आठवतात. त्यांनी सांगलीत आयुष्यभर भूगोल शिकवला. अमेरिकेतला ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, ते फळ्यावर असा उसळवायचे, की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरायची.

तो दाखवायला मी त्यांना आधी सिंगापूरला, माझ्याकडे बुकित बातोकला आणलं. पुढची तिकिटं काढलेली होती, आणि त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, "आता अमेरिका विसरा."

मला राहवेना, म्हणून त्यांना सिंगापूरमधल्याच यिशुनजवळच्या गरम झऱ्यावर नेलं. तेव्हा तिथे नुसते नळ आणि बादल्या होत्या. बाबा बादलीत पाय सोडून बसले.

"हे उसळत नाही रे," एवढंच म्हणाले.

शेजारी एक चिनी आजी पाय शेकत होत्या. बाबा त्यांना इंग्रजीत सांगायला लागले, तो कसा वेळ पाळून उसळतो, म्हणून शोधणाऱ्यांनी त्याला 'फेथफुल' म्हटलं, वाफ कशी अंगावर येते.

"अंकल, यू सीन इट, आह?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"यस," ते म्हणाले. "माय सन टुक मी."