सध्या मी भिंत ऐकते

...आणि सकाळचे सहा वाजलेत हो, माझे दोन्ही हात कणकेत, चहा वर यायच्या बेतात, आणि भिंतीतून कोण येतंय तर देवमासा! खराखुरा, समुद्रातला, हूऽऽऽ करून रडणारा... उत्तर ध्रुवाकडच्या कुणा बाईने त्याच्याबरोबर व्हायोलिन वाजवलंय म्हणे, एकाहत्तर मिनिटं, आणि मधेच बंद करायचं नाही कारण नियम म्हणजे नियम! भांडुपला, सहाव्या मजल्यावर, पोळ्यांच्या वेळेला देवमासा! आणि ह्याला जबाबदार कोण, तर तुम्हाला सांगते, मी. मीच. थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी संघमित्रा. अंधेरीला एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. दिवसभर कुणाची साखर किती, कुणाचं थायरॉइड किती, आणि काचेपलीकडून एकच प्रश्न, "ताई, रिपोर्ट झाला का?" घरी आले की, "मम्मी, डबा काय?" गोवंडीहून आईचा फोन, "औषध घेतलंस का गं?" म्हणजे मी बाई आहे की चौकशीची खिडकी? तर अशात एक दिवस उत्तराताई आल्या रिपोर्ट न्यायला. मुलुंडला राहतात, शाळेत गाणं शिकवायच्या, आता रिटायर. माझ्या कानात वायर बघितली आणि मान वाकडी करून म्हणाल्या, "काय गं, सध्या काय ऐकतेयस?"

अहो, आख्ख्या आयुष्यात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! कानात खरं तर आई होती, मेथीच्या लाडवात डिंक किती घालायचा ते सांगत होती. पण इतक्या प्रेमाने विचारल्यावर डिंक कसा सांगणार? मी म्हटलं, "गझल." झालं. वाट लागली ती तिथून.

त्यांचा एक ग्रुप आहे, नाव 'सलग'. महिन्याच्या पहिल्या रविवारी उत्तराताईंच्या घरी जमायचं, एकाने आपला आल्बम आणायचा आणि सगळ्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. सलग! मधलं गाणं उडवायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल चपलांच्या स्टँडवर ठेवायचा. आणि संपल्यावर ओलं खोबरं घातलेले पोहे. आता खरं सांगू? मी पोह्यांसाठी गेले, आणि त्या एका तासासाठी गेले. महिन्यातला एकच तास, ज्यात मला कुणी काही मागत नाही.

पण महिनाभर व्हॉट्सअपवर काय चालतं माहितेय? रोज सकाळी कुणीतरी टाकणार, "सध्या काय ऐकताय?" की सुरू सगळे. अंधेरीच्या स्टुडिओत साउंडचं काम करणारा विकी लिहिणार, "बॉस, देवमासा आणि व्हायोलिन, सातव्यांदा ऐकतोय, अजून उलगडतंय." बोरिवलीची शीतल लिहिणार, "आफ्रिकेतली एकतारी, दुसरी बाजू, काळजात घुसली." आणि मी? मी बसते रिक्षात, इंटरनेटवर एखादं छानसं कव्हर शोधते, त्यावर दोन ओळी कुणीतरी लिहिलेल्या असतात त्या मराठीत करते आणि टाकते ठेवून. "हळूहळू चढणारा आल्बम." चढला कुणाला, मला काय माहीत! दोन वर्षं चाललं हे. एकदा तर मी ज्या आल्बमला हळूहळू चढणारा म्हटलं तो लहान मुलांना झोपवायचा निघाला, तरी शीतल म्हणाली, "खरंय गं, चढतो."

मग ह्या वर्षी उत्तराताईंनी नियम काढला. म्हणाल्या, "नुसती नावं टाकणं बंद. ज्याची पाळी त्याने रोज ऐकतो तोच आल्बम आणायचा. रोज! आणि सांगायचं, ह्यातली आपली जागा कुठली. ज्याला जमणार नाही त्याने खुशाल ग्रुप सोडावा, राग नाही." असं म्हणून चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "संघमित्रा, पुढचा रविवार तुझा."

मी घरी आले ती डोकं धरूनच. रोज काय ऐकते मी? कुकर ऐकते, मिक्सर ऐकते, लिफ्टचं दार ऐकते. नवऱ्याला विचारलं, "अहो, मी सध्या काय ऐकते?" तर पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "माझं तर काहीच नाही." घ्या!

त्या रात्री मला रडायला आलं. हसू नका, खरंच आलं. आपल्याला कुणीतरी विचारतं की तू काय ऐकतेस, आणि आपल्याकडे उत्तर नाही, ह्याचं वाईट वाटलं. आणि तो तास जाणार ह्याचं त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उतू गेला. तीन आठवड्यांत चौथ्यांदा! मी ओटा पुसता पुसता विचार करतेय, माझा चहा आधी कधी उतू जायचा नाही, आता का जातो? आणि एकदम लक्षात आलं. भिंत! भिंत गप्प होती हो!

म्हणजे काय, तर शेजारी चंद्रप्रकाशकाका. मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः कुरिअर कंपनीतून रिटायर झाले, आता एकटेच असतात. रोज सकाळी सहाला ह्यांचं डबलबारीचं भजन सुरू. म्हणजे दोन बुवा समोरासमोर, एकाने गाऊन टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊन तो परत करायचा. पण हे मला नंतर कळलं. आमच्या भिंतीतून शब्द येत नाहीत, पेटी येत नाही, येतो फक्त पखवाज. धुम् धुम् तकिट धुम्, धुम् धुम् तकिट धुम्. बावन्न मिनिटं, तीन वर्षं, रोज. पहिल्या धुमला गॅस लावायचा, लय वाढली की पोळ्या लाटायच्या, आणि मग एक जागा यायची... पखवाज एकदम थांबायचा. काहीच नाही. मी आठ आकडे मोजायचे आणि आठव्याला चहा उतरवायचा. नवव्याला धाडकन पुन्हा सुरू. माझा आख्खा स्वयंपाक त्या तालावर होता आणि मला पत्ता नव्हता!

मग भिंत गप्प का झाली? कारण मी तक्रार केली होती. हो, मीच! एकदा डोकं दुखत होतं, त्या रागात सोसायटीला अर्ज दिला, लेखी. सेक्रेटरी रतनभाऊंनी जिन्यात नोटीस लावली आणि काकांनी बिचाऱ्यांनी, आवाज बाहेर येऊ नये म्हणून, कानात घालून ऐकायचं यंत्र आणलं. आता मला सांगा, ज्या माणसाविरुद्ध अर्ज केला त्याच्या दारात जाऊन 'काका, जरा आवाज मोठा करा' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पण गेले. वाटीत लाडू घेऊन गेले.

दार उघडलं, कानातून यंत्र काढलं, चेहरा पडलेला. "काय गो बाय, अजून आवाज येता काय? माका तर मेल्या ह्या यंत्रान कान दुखाक लागले."

म्हटलं, "नाही हो काका, येत नाही, तेच सांगायला आले. तुम्ही ते... पहिल्यासारखं मोठ्याने लावा ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग लाडवाकडे बघितलं. मग म्हणाले, "अर्ज लेखी दिलंस मा? मगे लेखीच मागे घे. मी सांगतंय, तू लिही."

आणि बसवलं मला टेबलाशी! हे सांगतायत आणि मी लिहितेय. "श्री. चंद्रप्रकाश यांच्या आवाजाविषयी माझी काहीही तक्रार नाही. आवाज कितीही मोठा असो, सकाळी सहापासून, कसलाही असो, माझी यापुढेही कधीही तक्रार राहणार नाही." खाली सही, तारीख, फ्लॅट नंबर. रतनभाऊंचा शिक्कासुद्धा आणला! मी म्हटलं, जाऊ दे, रविवार तर वाचला.

मग ते भजन ज्यात आहे तो पेन ड्राइव्ह मागितला, तर देईनात. "तो माझ्या हातातसून जाऊचो नाय. मीच येतंय." म्हणून रविवारी मुलुंडला मी आणि काका. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन ड्राइव्ह, वरून हात धरलेला.

उत्तराताईंनी लावलं. पाच माणसं, डोळे मिटून. आणि तुम्हाला सांगते, मी खाडकन डोळे उघडले! हे काय आहे? पेटी वाजतेय, झांज वाजतेय, बुवा काहीतरी खणखणीत बोलतायत, मागून वीस माणसं ओरडतायत... मी रोज ऐकते ते हे नव्हेच! मी हळूच उठले, नियम मोडून, स्वयंपाकघरात गेले, दार लावलं आणि भिंतीला कान लावला. धुम् धुम् तकिट धुम्. आहे की! इथे आहे! एवढा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू. मी आपली तिथेच उभी राहिले, पोह्यांच्या कढईशेजारी, आणि आख्खा आल्बम भिंतीतून ऐकला. ती जागा आली तेव्हा सवयीने आठ मोजले आणि हात गॅसकडे गेला.

संपल्यावर बाहेर आले तर उत्तराताईंचे डोळे भरलेले. "संघमित्रा, तुझी जागा कुठली ते विचारतसुद्धा नाही. तो मधला विराम. काय धाडस आहे गं त्या पखवाजवाल्याचं! भर रंगात हात उचलायचा म्हणजे..." विकी म्हणतो, "बॉस, ते सायलेन्स! पाच वर्षं मी स्टुडिओत तेच शोधतोय." शीतलने तर हातच जोडले. आणि काका? खाली मान घालून पेन ड्राइव्ह चोळतायत.

मग हळूच म्हणाले, "थय माझा चुकला."

पखवाज वाजवणारे काकाच होते हो! तीन वर्षं भिंतीतून फक्त हा माणूस येत होता आणि मला माहीत नव्हतं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, आवाज भरीव यायला. तर रेकॉर्डिंग चाललेलं, बारी ऐन रंगात, आणि ती कणीक सुटून खाली पडली! काका वाकले, शोधली, परत थापली आणि नवव्या मात्रेला उठले. बुवांनी नंतर सगळ्यांसमोर झापलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. ब्याण्णव सालची गोष्ट. "रोज लावतंय," काका म्हणाले, "वाटता, आज तरी ती कणीक पडाची नाय."

मी इकडे कणीक मळत, आणि हा माणूस पलीकडे रोज ती पडताना ऐकत. उत्तराताई उठल्या, काकांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले, वर खोबरं भुरभुरवलं आणि म्हणाल्या, "पडली तेच बरं झालं. बुवांना गाणं कळत होतं, ऐकणं नाही." काका लहान मुलासारखे लाजले. मग चष्मा पुसत उत्तराताईंनी त्यांना विचारलं, "आणि काका, सध्या काय ऐकताय?"

"ह्याच," काका म्हणाले. "तेहेतीस वर्षां." तशी सगळी टोळी तुटून पडली त्यांच्यावर! "काका, हे ऐका", "काका, ते ऐका", विकीने तर पेन ड्राइव्ह भरूनच दिला.

तर आता काका 'सलग'मध्ये आहेत. कणकेचा विषय संपला म्हणतात, मन मोकळं झालं, डबलबारी दिवाळीला लावू. रोज सहाला नवा आल्बम, सलग, यंत्र फेकून दिलंय, आवाज पुरा. सोमवारी देवमासा, मंगळवारी एकतारी, बुधवारी नुसता कुठल्यातरी वाळवंटातला वारा... आणि मधे भिंतीवर टकटक करून मला विचारतात, "काय गो बाय, ऐकतंस मा?" ऐकते काका. खरंच ऐकते. ग्रुपवर आता मी एकही थाप मारत नाही, रोज खरं लिहिते, सगळ्यांत जास्त आल्बम माझेच झालेत. सुखी आहे मी, नाही म्हणणार नाही.

फक्त चहा रोज उतू जातो. देवमासा श्वास कधी घेणार ह्याचा काही नेम नाही हो. परवा अगदीच डोकं उठलं तेव्हा गेले रतनभाऊंकडे, म्हटलं, काहीतरी करा. त्यांनी फाइल काढली, चष्मा लावला आणि माझ्याच अक्षरातलं मलाच वाचून दाखवलं, "आवाज कितीही मोठा असो, कसलाही असो..." आणि मग फाइल मिटून विचारतात कसे, "वहिनी, काय ऐकता हो सध्या एवढं?"