तिसरा उद्गार

(नाशिक, २००३. ईस्टरच्या आदल्या दिवशीची सकाळ. निवृत्त नर्स सुलाबाईंच्या घरी त्यांच्याच चर्चमधल्या गोजराबाई फुलांची पाटी घेऊन आल्या आहेत.)

गोजराबाई : …चूक माझीच म्हणायची, सिस्टरबाई. कालच्या उपासनेचा टाइम अजून कुणाला तरी इचारून घ्यायला पायजे व्हता.

सुलाबाई : निशिगंध तिकडे बादलीत ठेव. उद्या देवळात लागेल.

गोजराबाई : तुमी सांगितल्यापरमानं दोनला आले, तर येशूच्या सात उद्गारांतला पाचवा चालू. तिसरा माझा, तो कवाच उरकला व्हता. पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं नाव घेतलं म्हणं.

सुलाबाई : दोनदा घेतलं. मग माझ्याकडे बघितलं. मी उठले. क्रुसावरून येशू आईला जे बोलला, त्यावर गुड फ्रायडेला एकोणीस वर्षं मीच बोलत आलेय. मला कसली तयारी लागते?

गोजराबाई : लोकं म्हणत व्हते, सिस्टरबाई लय छान बोलल्या.

सुलाबाई : म्हणणारच. बस जरा. चहा टाकते.

गोजराबाई : नको. वावरात बाया आल्यात खुडणीला.

सुलाबाई : बस म्हणते ना. उपासना बारालाच असते, गोजरा. दरवर्षी. बारा ते तीन. तुला दोन मी मुद्दाम सांगितलं.

गोजराबाई : मुद्दाम? पण का?

सुलाबाई : जळले तुझ्यावर. दुसरं काय. मी याच देवळात जन्मले, वाढले. तुला येऊन अडीच वर्षं झाली, अजून अक्षराला अक्षर जोडून वाचतेस. सात उद्गारांना सात माणसं, अशी यादी लागली आणि तिसऱ्यासमोर तुझं नाव. वर पाळकसाहेब मलाच सांगतात, सुलाबाई, तिची तयारी करून घ्या. आठ दिवस या खुर्चीत बसवून तुझ्याकडून वचन पाठ करून घेतलं. तू जसजशी नीट म्हणायला लागलीस, तसतसा माझा जीव जास्तच जळायला लागला.

गोजराबाई : मग दुसरा मागून घ्यायचा व्हता तुमी.

सुलाबाई : दुसरा शेजारच्या क्रुसावरच्या चोराचा आहे. मला काय करायचाय? मला मूल नाही, गोजरा. मरता मरता तो म्हणतो, बाई, हा बघ तुझा मुलगा. पोटचा नसला तरी आईच्या पदरात एक मुलगा पडतो. त्यावर मी दहा मिनिटं बोलायचे. वर्षातली तेवढी दहा मिनिटं मी मुलगा असलेली बाई असायचे. ती तू नेलीस.

गोजराबाई : आज कशाला सांगितलं मग? मला तर कळलं नसतं.

सुलाबाई : उद्या देवळात प्रभुभोजन आहे, प्रभूची भाकर घ्यायची. तुझ्याशी असं वागलेलं पोटात ठेवून त्या भाकरीला हात लावायची छाती होत नाही. पाळकसाहेबांनाही सांगणार आहे.

गोजराबाई : मला काल काय बोलायचं व्हतं, ते तुमी एकदा तरी इचारायचं व्हतं.

सुलाबाई : वचनाच्या पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

गोजराबाई : आता ऐका. भिकन माझा एकुलता एक. सातपूरच्या कारखान्यात मशीनीत सापडला. शेजारच्या फोनवर निरोप आला, मी वावरातून निघून हॉस्पिटलात येस्तवर सगळं संपलं व्हतं. त्याच्या उशाशी तुमी व्हत्या.

सुलाबाई : होते. त्याच्यासाठी प्रार्थना केली होती मी. म्हणून तर तू देवळात यायला लागलीस.

गोजराबाई : ते लोकांना सांगायला. तुमच्या वॉर्डातली चांगुणा आया तेराव्याला आमच्याकडं आली व्हती. ती बोलली, भिकननं मरताना सिस्टरबाईंना आई म्हणून हाक मारली.

सुलाबाई : चांगुणा बोलली?

गोजराबाई : तुमी नाय बोलल्या. कोण बाई ती, ते बघायला मी देवळात आले. दर रविवारी तुमच्या मागच्या बाकावर बसायची. मनात म्हणायची, हिनं माझ्या पोराची शेवटची हाक घेतली. प्रार्थनेला डोळे मिटले का तुमीच दिसायच्या. तुमी आठ दिवस जळल्या, सिस्टरबाई. मला अडीच वर्षं झाली.

सुलाबाई : ती हाक तुझी होती, हे मला कळत होतं. पण मला तसं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तुला सांगितलं असतं, तर तू ती घेऊन गेली असतीस. म्हणून नाही सांगितलं.

गोजराबाई : जळून जळून थकले मी. पाळकसाहेबांपाशी रडले, तवा त्यांनी तिसरा मला दिला. काल सगळ्यांपुढं म्हणणार व्हते, सिस्टरबाई, हा बघा तुमचा मुलगा. एकदा तुम्हाला देऊन टाकला असता, म्हंजे माझं मन मोकळं झालं असतं.

सुलाबाई : नको देऊस.

गोजराबाई : आता का?

सुलाबाई : चांगुणाला अर्धंच माहीत आहे. तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा माझ्याकडे बघून. पाणी हवं होतं, मी चमच्यानं पाजलं.

गोजराबाई : अन् दुसऱ्यांदा?

सुलाबाई : मी कपाळावर हात ठेवला. म्हटलं, आहे रे बाळा, मी इथेच आहे. त्यानं मान फिरवली. दाराकडे बघितलं आणि आई म्हणाला. तिथे कुणी नव्हतं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

गोजराबाई : दाराकडं?

सुलाबाई : दाराकडे. तुझी वाट बघत होता.

गोजराबाई : …थोडं पाणी द्या, सिस्टरबाई.

सुलाबाई : घे. सावकाश पी.

गोजराबाई : वावरात बाया थांबल्या असतील.

सुलाबाई : थांबू देत. पुढच्या वर्षी तिसऱ्या उद्गाराला हे सांग, सगळं सांग. आणि बाराला ये, गोजरा. मी दारात उभी राहीन.