परीकथावाल्याची खोली

पुतणी: मास्तर, या वयात जिना असा पळत चढतात का? बसा आधी!

मास्तर: बसतो कसला! तुझ्या काकाच्या खोलीत ही एकेरी खाट कुणी आणून टाकली?

पुतणी: संग्रहालयाच्या समितीनं. परीकथा लिहिणारे थोर ब्रह्मचारी ना आमचे नानाकाका! जिवंत असते तर पोट धरून हसले असते. थोड्या वेळात उद्घाटन आहे, म्हणून तर तुम्हाला घाईनं बोलावलं.

मास्तर: मी नाटकाचे कपडे शिवणारा शिंपी. खाट हलवायला हमाल बोलव की!

पुतणी: आलेत. माळ्यावरचा मोठा पलंग खाली काढताहेत. तुमचा दोघांचा.

मास्तर: अगं, हळू बोल!

पुतणी: का म्हणून? सुट्टीत इथं यायचे तेव्हापासून मला ठाऊक आहे. काका गोष्ट वाचायचे, तुम्ही मशीन चालवायचात. मशीन थांबलं की काका ओरडायचे, "जमली!"

मास्तर: आणि नाही थांबलं की पान टरकावायचा. महातापट! एका राक्षसाच्या गोष्टीत तर मी अख्खा झगा शिवून मोकळा झालो.

पुतणी: समितीनं पाटीवर तुम्हाला "स्नेही" म्हटलंय.

मास्तर: स्नेही? स्नेही तर दूधवालाही होता!

पुतणी: मग "जोडीदार" लिहू? तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. पण आज राहिलं की कायमचं राहिलं.

मास्तर: लोक त्याची पुस्तकं पोरांच्या हातातून काढून घेतील गं. त्याला तीच धास्ती. पाहुणे आले की मी गळ्यात टेप अडकवून शिंपी व्हायचो, आणि तो हात पसरून उभा! उभा जन्म माप काही संपलं नाही.

पुतणी: आणि गोष्टीत मात्र दर वेळी राजपुत्राचं लग्न!

मास्तर: त्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. म्हणायचो, एकदा आपलं लाव की! तर म्हणे, लोकांना पचेल तेवढंच वाढावं.

पुतणी: मी आज पोटभर वाढणार. इथली संग्रहालयातली नोकरी गेली तर गेली! हो म्हणा ना, मास्तर.

मास्तर: हो, लिही! मोठ्ठं लिही, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे मला!

पुतणी: लिहिते! आणि नाव? सगळे तुम्हाला मास्तरच म्हणतात. काका हाक मारायचे ते लिहू?

मास्तर: ते नको, पोरी. ते आमचं घरातलं आहे.