तारीख उलटून आलेली

माझं माहेर आंजर्ल्याचं, सासर इकडे लांज्याजवळ, आणि हे हात बघा, काजूच्या चिकाने काळे पडलेले, लग्न झालं तेव्हापासून मी कारखान्यात काजू सोलतेय. शाळा फार नाही शिकले, जे काय शिकले ते शेजारी बसलेल्या बायकांच्या तोंडून, आणि त्यातलं अर्धं चुकीचं. माझं बोलणं जरा वळणावळणाने जातं, सांभाळून घ्या.

माझी सून वैशाली पोफळीची. वडील तिथल्या वीजघरात कामाला, कॉलनीत वाढलेली पोर, अंगाने चांगली भरलेली. लग्नात सगळ्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस गो, हिच्या बाळंतपणाची चिंता नको. आमच्याकडे हेच गणित, हडकुळी दिसली की हिचं कसं होणार, नि जाड दिसली की हिला काय धाड भरणार. मुलगा माझा मुंबईला नोकरीला, सून माझ्याजवळ. अठ्ठ्याण्णव साली तिला दिवस राहिले. माझी मोठी नणंद, वन्सं, समोरच राहतात, त्या रोज शिरा नाहीतर लाडू घेऊन हजर, दोन जिवांची आहेस, खा गो बाय. पोर खायची. नि सातव्यात, डोहाळजेवणाची फुलं सांगून ठेवलेली, तेव्हाच कळा आल्या. मुलगा होता. एवढासा. दुसऱ्या दिवशी गेला. काय सांगू तुम्हाला, ते राहू द्या.

पुढे दोनेक वर्षांनी परत दिवस राहिले, तर ही हसेना का बोलेना, नुसती पोटावर हात ठेवून बसायची. मी म्हटलं चल, आणि एसटीने रत्नागिरीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेली. निघताना वन्संनी बजावलेलं, वजन करू देऊ नको, दृष्ट लागते. बाईंनी आधी काट्यावरच उभी केली. म्हणाल्या, वजन जास्त असलं की दिवस भरायच्या आधी कळा यायचा धोका वाढतो, पण म्हणून उपाशी ठेवायचं नाही हं, गोड नि तूप आवरा, भाकरी, भाजी, मासे, कुळीथ सगळं खा, थोडं चाला. आणि मग विचारलं, अंगावरून पांढरं जातं का. वैशालीने मान खाली घातलीन, नाही म्हणाली.

आता हे आमच्यात डॉक्टरला कोण सांगतंय? बाईच्या जातीला ते असायचंच म्हणायचं, उष्णता म्हणायचं, जिऱ्याचं पाणी प्यायचं नि गप्प राहायचं. पण एका घरात राहतो आम्ही, धुणं मला दिसतं की.

"बाई, लाजते ती," मी म्हटलं. "जातं तिच्या अंगावरून, वासही येतो. पहिल्या खेपेलाही जात होतं."

बाईंनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. मग समजावून सांगितलं, अंगात जंतू असतातच, त्यात चांगलेही असतात, ते आतली राखण करतात, त्यांचं बिघडलं की वाईट माजतात, आणि कधीकधी त्यानेही कळा लवकर येतात. मी म्हटलं, म्हणजे विरजणासारखं, ते बिघडलं तर दही कुठलं लागायला. बाई हसल्या, म्हणाल्या तसंच धरा. मग मी विचारलं, आता नऊ महिने भरतील ना.

"हमी नाही देत, मावशी. पण कुठे लक्ष ठेवायचं ते आता कळलं."

परतताना एसटीत लांज्यापर्यंत पोर खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं रागावली. उतरताना तेवढा माझा हात घट्ट धरलान.

मग काय, गोळ्या पुऱ्या केल्या, संध्याकाळी गावाबाहेरच्या सड्यावरून, मोकळ्या कातळावरून, चालवून आणायची, दर महिन्याला रत्नागिरी. डोहाळजेवणाला मी कुळथाची पिठी, भात नि बांगडे केले, तर वन्सं म्हणाल्या, सुनेचे डोहाळे पुरवतेस की तिला शिक्षा करतेस? तरी शिरा आणलाच त्यांनी. आणायच्या त्या नि खायची मी, आता हे माझं अंग कुठून आलं ते ओळखा.

सातवा गेला. मी दाराशी सुद्धा आवाज न करता चालायची, जसं काही आवाजानेच कळा येतील. माहेरच्या कड्यावरच्या गणपतीला सांगितलेलं, उशिरा आण रे बाबा, पण लवकर नको. आठवा गेला, नववा भरला, बाईंनी दिलेली तारीख आली आणि गेली, तरी पोटातली बया बाहेर यायला तयार नाही. मुलगा रजा काढून आलेला, रजा संपून परत गेला. वन्सं विचारायच्या, आत झोपलंय की काय गो? आणि मी हसायची, दोन वर्षांनी पोट दुखेपर्यंत हसले असेन. शेवटी बाईंनीच दाखल करून कळा आणल्या. मुलगी. रडली ती अशी की बाहेरच्या बाकड्यावर मला ऐकू आलं.

गोळ्यांनी झालं, चालण्याने झालं की गणपतीने केलं, ते मी बाईंना विचारलेलं. त्या म्हणाल्या, नक्की मलाही नाही सांगता येणार. मला बरं वाटलं ते. आता कारखान्यात पोटुशी पोर शेजारी येऊन बसली की मी आपली विचारते, अंगावरून जातं का गो, बाईंना सांगितलंस का. आधी लाजतात, मग सांगतात.

नात आता शाळेत जाते. रोज उशीर. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय नि हिची अजून एकच वेणी झालेली. वैशाली ओरडते. मी म्हणते, नको गो ओरडू तिला, तिचं उशिरा येणं आपण नवसाने मागून घेतलंय.