मिस सरू, मुक्काम मुडबी

न्हाई न्हाई, अण्णा, चपला घालू नका — बसा हो जरा. पोरगी दाखवा म्हनलाव, दाखवतो की, न्हाई कुठं म्हनलो? गुलबर्ग्याहून एवढे धक्के खात बिदरला आलाव, बंडेप्पाण्णांसारखा मोठा कॅसेटवाला ह्या मैलुरात माझी पायरी चढला, आन् मी तसंच लावून दीन व्हय? पाचशे कॅसेटी घेनार तुमी, वर जत्रेत स्टेजवर मिस सरूचा डिस्को — पन मी म्हनतो, बाईच कामून पायजे स्टेजवर? कॅसेट लावा भोंग्यावर, लाल-हिरव्या लाइटा सोडा, कोन बघायलंय? बघतेत म्हनता? हां, बघतेत खरं. कंपनीचं नाव सरू डिस्को कंपनी, गानारी बी सरू — आन् बाकीचं सगळं मीच. कॅसिओ वाजवतो मी, टेपा भरतो मी, लेबलं चिटकवतो बी मीच. भजनवाले बक्कळ हायत, सिनेमाची गानी भरून देनारे गल्लोगल्ली हायत — पन असला आडमुठा डिस्को काढनारा आख्ख्या जिल्ह्यात दुसरा दाखवा. न्हाई ना? मग.

ती काय हाय, लाजाळू हाय. मानसांत येत न्हाई. वय? वय आता... दात चार-पाच राहिलेत, म्हंजे — न्हाई, तसं न्हाई. हसू नका. बरं, सांगतो, पन आधी शरणबसप्पाची आन घ्या, कुनाला बोलनार न्हाई म्हून. घेतली? मिस सरू म्हंजे माझा सासरा.

उठू नका, उठू नका! आयका तरी. ग्यानबा त्येंचं नाव, आमी आबा म्हनतो, मुडबीचे, अडुसष्ट वर्सं वय, मिशा ह्या अशा. भजनाला बसले की देऊळ गप व्हायचं. पंच्याऐंशीला मी कंपनी काढली तवा मला म्हनले, जावईबापू, पैलं भजन आमचं भरा. गेलो. मारुतीच्या देवळात बसलो, करंट न्हाई — मुडबीत करंट कवा असतो? टेपरिकार्डर सेलवर चालवायचा, आन् सेल उतरलेले. सरू म्हनली — सरू म्हंजे माझी बायको, खरी सरू — ती म्हनली, नवे घ्या. मी म्हनलो, हट्, उन्हात वाळवले की चालतेत. तुमच्यात न्हाई वाळवत? सगळेच वाळवतेत! सा सेल पत्र्यावर ठिवले पापडावानी, आन् सांच्याला घातले. चालले की! पन हळू चालले, लै हळू, ते मला कुठलं कळायला. आन् हळू भरलेली टेप हितं करंटवर लावली की पळती, अण्णा. आबांचा आवाज झाला बारकुल्या पोरीचा, टाळ तर इचारूच नका. मी कपाळाला हात लावला. पुसनारच होतो — तेवढ्यात कमठान्याच्या लग्नाला भोंगेवाल्यानं कॅसेटी उचलल्या, त्यात ही गेली, आन् वरातीत लागली. नवरदेव घोड्यावरनं उतरून नाचला! दुसऱ्या दिवशी दुकानात चौघं हजर, त्या पोरीची कॅसेट द्या म्हून. मग मूळ टेप बाजूला ठिवली, दुसरी काढली, तिच्यावर कॅसिओचा डिस्को ठेका चढवला. लेबलावर गानारीचं नाव पायजे. सुचलं ते छापलं — मिस सरू, मुक्काम मुडबी.

तिथं माती खाल्ली. हिरीवर बायका बोलायल्या, ग्यानबाची सरू बिदरात डिस्को गायलीया म्हून. दसऱ्याला ट्रंक घिऊन माहेरी गेली ती, मला तोंड दावू नका म्हनली. आन् आबा? आबांनी बसवकल्यानच्या स्टँडवर कॅसेट आयकली, आन् मलाच म्हनतेत, जावईबापू, आपल्या सरूचा गळा न्हवं हा, मग कोन हो ही बया? आमच्या भजनाचा पार इस्कोट केला — पन गळा चांगलाय पोरीचा. मी मान हलवली. सांगायचं राहून गेलं. सांगू, सांगू म्हनत...

आता आबा बोलत न्हाईत. संक्रांतीला गळ्यात गाठ निघाली, सोलापूरला आपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. पाटीवर लिव्हून चहा मागतेत. सरूनं निरोप धाडलाय, आबांचा आवाज आबांसारखा घिऊन या, न्हाईतर येऊ नका. कुठनं आनू? करंटवर लावली की पोरगी, नव्या सेलवर लावली की पोरगी. उतरलेलेच सेल पायजेत, तेवढेच उतरलेले. म्हून तर पायरीवर ते सा सेल वाळवायलो, येताना तुमी वलांडले बगा. आठ दिस झाले. परवा आबा बोकडावानी आले, काल म्हशीवानी. काय खोटं सांगायलो का? थांबा, चांगले तापलेत आज. पोरगी बघायची व्हती न्हवं तुमाला? आयका मग, ही मूळ टेप.

लागली... अजून जरा... हां. हां अण्णा, आले! हेच. हेच आबा हो. मान हलवू नका नुस्ती, आयका — कसा उचलतेत बगा, कसा टिकवतेत —

संपलं. न्हाई, थांबा, फुडं हाय. हे मी कॅसेटीत कापलं व्हतं. खरखर हाय नुस्ती... आबा. आबा बोलायलेत. आयकलाव? 'जावईबापू, बरं झालं का?' आन् हा माझा आवाज. 'सेल संपले आबा, उठा आता.' एवढंच? एवढंच म्हनलो मी? बरं झालं म्हनायला काय झालं व्हतं मला?

डोळ्यात काय गेलं न्हाई, अण्णा. रडायलो मी. तुमची आर्डर ऱ्हाऊ द्या, मिस सरू काय गुलबर्ग्याला येत न्हाई. उठा, शटर वढायचंय. सेल गार व्हायच्या आत मुडबी गाठायची हाय मला.