मीठ वर्ज्य

(बनारसमधील एका शाळेतील समुपदेशनाची खोली. समोरासमोर समुपदेशिका शरदिनीबाई आणि बालाजी घाटावर पिंडदानाचे विधी करविणारे नरहरशास्त्री.)

नरहरशास्त्री : ...म्हणून म्हणतो, माधवचे नाव काढून टाका. जो मुलगा शाळेच्या गच्चीवर पंक्चरचे सोल्यूशन रुमालात घेऊन हुंगतो, त्याला विद्येचा काय उपयोग? उद्यापासून तो माझ्यासोबत घाटावर बसेल.

शरदिनीबाई : घाटावर तर तो रोज सकाळी असतोच, शास्त्रीजी. आपल्याला दर्भ आणि तीळ तोच काढून देतो ना?

नरहरशास्त्री : देतो. आणि आपण दर बुधवारी त्याला या खोलीत बसवून काय देता? गल्लीत लोक विचारतात, शास्त्रीबुवांचा मुलगा पागल झाला काय? आमच्या वेळी गुरुजींची छडी हेच समुपदेशन होते.

शरदिनीबाई : तो पागल नाही. सुरुवातीला तो नुसता खडूचा चुरा करीत बसे. मग एकदा म्हणाला, हुंगले की रडू आतल्या आत विरून जाते. आज सांगते तेवढे आपल्याला सांगण्याची अनुमती मी त्याच्याकडून घेतली आहे. बाकीचे त्याचे आहे.

नरहरशास्त्री : रडू? तो कशाला रडेल? गेल्या वर्षी आई गेली, तेव्हाही रडला नाही. राजा घाटापर्यंत लोकांनी वाखाणणी केली, की एवढ्याशा मुलाने अग्नी दिला, सर्व विधी केले, परंतु डोळ्यांतून थेंब पडू दिला नाही.

शरदिनीबाई : का पडू दिला नाही?

नरहरशास्त्री : मी सांगितले होते. प्रत्येक यजमानाला सांगतो, आप्तांचे अश्रू मृतात्म्याला प्यावे लागतात, तरी आवरा. त्याने माणूस सावरतो आणि विधी तडीस जातो.

शरदिनीबाई : यजमान पुण्याला, नागपूरला परत जातात. तिथे दार लावून रडत असतील. माधवने कुठे जावे? तो रोज सकाळी तेच वाक्य ऐकतो.

नरहरशास्त्री : बाई, ते वाक्य मी त्याच्यासाठी उच्चारीत नाही.

शरदिनीबाई : ठाऊक आहे. पण तो मला म्हणाला, आईला मीठ मना होते, आणि अश्रू तर खारट.

नरहरशास्त्री : रक्तदाब होता तिला. डॉक्टरांनी मीठ बंद केले होते. मीठ घालण्याआधी तिचे वरण तोच वेगळे काढीत असे. मी कधी विसरलो, तर माझ्यावर रागावे.

शरदिनीबाई : व्यसनासाठी डॉक्टरांकडे मी सोबत येईन. महिने लागतील. त्याला शाळेत राहू द्या. मात्र एक गोष्ट माझ्याने होत नाही. मी रड म्हटले, तर तो म्हणतो, मॅडम, आपको विधी का क्या पता. ते आपणच सांगावे लागेल.

नरहरशास्त्री : बोलवा त्याला.

माधव : बाबा, चलायचं? नाम कट गया?

नरहरशास्त्री : नाही. बैस इथे. तुझ्या आईची सपिंडी बाराव्या दिवशी झाली, आठवते?

माधव : जी. तुम्हीच करवलीत.

नरहरशास्त्री : त्या दिवशी ती पितरांत मिळाली. तिथे अश्रू पोहोचत नाहीत. तिला काहीही प्यावे लागत नाही.

माधव : पक्का?

नरहरशास्त्री : मी पुरोहित म्हणून सांगतो आहे.

माधव : मतलब, बाराव्यानंतर रडलं तर चाललं असतं?

नरहरशास्त्री : चालले असते, बाळा.

माधव : मग तुम्ही का नाही रडलात?

नरहरशास्त्री : मला हे सांगणारे कोणी नव्हते.