ठमीचं इंजेक्शन

नाही नाही, बॅग नका उघडू एवढ्यात — बसा ना डॉक्टर, खुर्चीवरचे ते अभ्रे सरकवा बाजूला, दुकानवाल्याचे आहेत, उद्या येईल न्यायला — ठमी कुठे पळतेय आता? एवढं पोट घेऊन? परवाच पाणी काढलंत तुम्ही, आज पुन्हा डब्ब. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, बिचारीने मुकाट सोसलं सगळं — आणि उपयोग? शून्य. तुम्हाला नाही हो बोलत मी, तुम्ही केलंत सगळं.

पण मला सांगा, हा आला कुठून? मांजरांचा करोना, माणसांना होत नाही, ते कळलं मला — शेजारीण उगाच तोंडाला फडकं बांधून फिरतेय — पण आला कुठून? खिडक्यांना जाळ्या, दार कायम बंद, बाहेर पाऊल टाकू दिलं नाही हिला. तर तुम्ही म्हणता, आतड्यात होताच लहानपणापासून, पुष्कळ मांजरांच्या असतो, काही करत नाही — आणि हिच्याच अंगात बदलला मेला! वर कागदावर काढून दाखवलंत. पेशीच्या बाहेरच्या भिंतीशी नाही, आतल्या खोलीत जमतात म्हणे त्याचे तुकडे, तिथलंच पातळ कापड अंगाभोवती ओढून घेतात. म्हणजे कापड हिचं, कारागीर हिचे, त्या करोनाच्या अंगावरच्या काट्यांवर साखरेचा शेवटचा हात फिरवून, थैलीत घालून दारापर्यंत पोचवणारेही हिचेच — पेशीला वाटतं, आपलाच माल चाललाय! आणि पेशी तरी कुठल्या? राखणीच्या, रोगाशी लढणाऱ्या. जन्मभर अभ्रे शिवतेय मी, मला लगेच कळलं ते — आणि मशीनवर डोकं ठेवून रडले.

लेकीने आणली हो हिला. जॅकेटच्या आत लपवून, मी ओरडेन म्हणून — आणि ओरडलेच मी. मग गेली ती... नाही हो, लग्न होऊन नाही. गेली. कामावरून येताना, ट्रकखाली. तेव्हापासून या जाळ्या. आणि ही बया रोज संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला दाराशी जाऊन बसते, लिफ्ट वाजली की कान टवकारते. मी चिडायचे — अगं येणार नाही ती, कळत नाही का तुला! — आणि मग तिच्याच शेजारी बसायचे. काल तर मीच उचलून नेली, मान धरवत नव्हती तिला, तरी लिफ्ट वाजली तसे कान हलले. मला माहितीय, ती येणार नाही. मीच तर जाऊन ओळख पटवून आले तिची. हिला तेवढं कधी पटलं नाही. आता ही गेली की माझ्या लेकीची वाट कोण बघणार या घरात?

किती वाजले? सुटलं असेल ऑफिस. द्या इकडे तिला, मांडीवर — इथे नको, दाराशी बसू. हं, भरा ती शेवटची सुई. थांबा, थांबा — लिफ्ट आली... हलले ना कान? तुम्हीही बघितलंत ना? टोचा आता. पटकन.

झालं ना? बोलू नका काही. निघा तुम्ही. आणि जाताना ते दार — नको, लावू नका.